यूलिउ बोदोला: दोन देशांकडून खेळलेला फुटबॉलपटू, लेख लिहिण्याआधीच्या शंका

दांडियाबाजारकर

मंडळाच्या हस्तलिखिताचा यंदाचा विषय 'सीमा' आहे आणि खेळाचं पान माझ्याकडे आलंय. हजार-बाराशे शब्द, एक नकाशा आणि एक तक्ता, एवढी जागा. वाचक बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातले. क्रिकेट कोळून प्यायलेले, पण दुसऱ्या महायुद्धाआधीच्या युरोपातल्या फुटबॉलशी फारशी ओळख नसलेले.

मी रुमानियाचा यूलिउ बोदोला निवडलाय. हंगेरीत तोच द्यूला बोदोला. जन्म २६ फेब्रुवारी १९१२, ब्राशोव्ह. मृत्यू १२ मे १९९३, बुडापेस्ट. आधी रुमानियाकडून खेळला, मग हंगेरीकडून. ओराद्या शहरातलं स्टेडियम आज त्याच्या नावाने ओळखलं जातं.

शंका अशा:

१. "त्याने देश सोडला नाही, सीमाच त्याच्या गावावरून सरकली" असं पहिलं वाक्य मनात आहे. या अर्थाचं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते टिकेल का?

२. कुठे ४८ सामने ३० गोल दिसतात, कुठे ६१ सामने ३४ गोल. तक्त्यात कोणते घ्यायचे?

३. ओराद्याच्या क्लबकडून तो हंगेरीचा विजेता झाला. ओराद्या तर रुमानियात. हे थोडक्यात कसं सांगायचं?

४. "डावा आतला फॉरवर्ड" म्हणजे नेमकं मैदानात कुठे?

५. विश्वचषकांत त्याचा वाटा किती?

---

नकाशावेडा

ताई, १ आणि ३ एकत्रच घेतो, दोन्हींची गाठ एकाच ठिकाणी आहे. पहिलं वाक्य काढाच. ऐकायला छान वाटतं, पण बोदोलाच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे आणि ज्या अर्ध्यासाठी तुम्ही ते लिहिणार आहात, नेमकं तेच खोटं आहे.

तारखा ओळीने लावून बघा. १९१२ साली ब्राशोव्ह ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हंगेरियन भागात होतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे आला आणि ४ जून १९२० च्या त्रियानों कराराने त्यावर शिक्कामोर्तब झालं. तेव्हा बोदोला ८ वर्षांचा होता. म्हणजे सीमा त्याच्या गावावरून सरकली हे खरं, पण त्याच्या बालपणी. फुटबॉल तो शिकला आणि खेळला तो रुमानियात.

ब्राशोव्हच्या ब्राशोविया क्लबमधून तो १९२९ मध्ये ओराद्याला गेला. तिथल्या क्लब अॅटलेटिक ओराद्या, म्हणजे सीएओकडे तो १९३७ पर्यंत होता. मग राजधानीत, वेनुस बुखारेस्टकडे. वेनुसने १९३८–३९ आणि १९३९–४० असे लागोपाठ दोन राष्ट्रीय हंगाम जिंकले, दोन्हीत बोदोला होता.

आता कळीची तारीख: ३० ऑगस्ट १९४०. जर्मनी आणि इटलीने व्हिएन्नात निवाडा दिला आणि ट्रान्सिल्व्हेनियाचा उत्तर भाग हंगेरीला मिळाला. ओराद्या आणि क्लुज हंगेरीत गेले. ब्राशोव्ह गेलं नाही. तिमिश्वारा गेलं नाही. बुखारेस्टचा तर प्रश्नच नव्हता. त्या दिवशी बोदोलाचं जन्मगाव रुमानियात होतं आणि त्याचा त्या वेळचा क्लबही रुमानियातच. सीमा सरकली ती त्याच्या जुन्या क्लबच्या मैदानावरून. तो स्वतः नव्या सीमेपलीकडे ओराद्याला गेला, सीएओचं तोवर पुन्हा नाज्वाराद एसी झालं होतं (नाज्वाराद हे ओराद्याचंच हंगेरियन नाव), तिकडून खेळला आणि हंगेरीच्या राष्ट्रीय संघात आला.

बहुतेक लेख इथेच घसरतात, कारण लिहिणारा 'ट्रान्सिल्व्हेनिया' हा एकच शब्द धरून चालतो. १९४० मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाचे दोन तुकडे झाले आणि ब्राशोव्ह दक्षिणेकडच्या तुकड्यात राहिलं, हे लक्षातच येत नाही.

तो का गेला, यावर एक ओळही लिहू नका. घरची भाषा, पगार, राजकारण, जुने सवंगडी, यातलं काय किती होतं हे तारखांवरून काढता येत नाही, आणि कारण चिकटवलं की लेख कोणत्यातरी एका देशाच्या बाजूचा होऊन बसतो. तुमच्या वाचकाला फाळणीची गोष्ट ठाऊक आहे, तो आपली समज आपल्या जबाबदारीवर जोडेल.

तिसऱ्या शंकेचं उत्तर: क्लब तोच, देश वेगळा. १९१० साली नाज्वाराद एसी म्हणून स्थापना, रुमानियात सीएओ, १९४० नंतर पुन्हा नाज्वाराद एसी, युद्धानंतर परत रुमानियात. याच क्लबने १९४३–४४ चा हंगेरीचा राष्ट्रीय हंगाम जिंकला. बुडापेस्टबाहेरच्या क्लबला हे विजेतेपद मिळण्याची ती पहिलीच वेळ. ही गोष्ट ठळक लिहा, कारण त्याआधीची सगळी विजेतेपदं एकाच शहरात वाटली गेली होती. पाच वर्षांनी, १९४८–४९ मध्ये, तोच क्लब आयसीओ ओराद्या या नावाने रुमानियाचा विजेता झाला. दोन देशांच्या विजेत्यांच्या याद्यांत एकाच क्लबचं नाव असणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. पण १९४९ च्या विजयात बोदोलाला ओढू नका, तो तोवर बुडापेस्टला होता. युद्ध संपल्यावर थोडा काळ क्लुजच्या फेरार संघात आणि १९४६ पासून एमटीके बुडापेस्टकडे.

नकाशा असा करा. खालचा जाड कागद: आजचा रुमानिया आणि हंगेरी, त्यावर फक्त पाच ठिपके: ब्राशोव्ह, ओराद्या, क्लुज, बुखारेस्ट, बुडापेस्ट. वर ट्रेसिंग पेपरचे दोन पदर एका कडेला चिकटवलेले. पहिल्यावर १९१२ ची सीमा, दुसऱ्यावर ऑगस्ट १९४० ची. सगळ्या सीमा एकाच कागदावर वेगवेगळ्या रंगांत काढल्या तर ओराद्याजवळ आजची आणि १९४० ची रेषा एकमेकींत मिसळतात, कारण शहर आजच्या सीमेला अगदी खेटून आहे. हस्तलिखित असल्यामुळे पदर उलटून बघता येतील, छापील अंकात ही सोय नसते. ठिपक्यांचे आकार लोकसंख्येप्रमाणे लहानमोठे करू नका, वाचकाचं लक्ष तिकडे जातं.

---

नोंदवही

आकड्यांबद्दल. दोन्ही आकडे बरोबर आहेत, दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

रुमानिया, १९३१ ते १९३९: ४८ सामने, ३० गोल.
हंगेरी, १९४० ते १९४८: १३ सामने, ४ गोल.

६१ आणि ३४ ही नुसती बेरीज. तक्त्यात बेरजेची ओळ ठेवू नका. विक्रमांच्या याद्या देशवार असतात, त्यामुळे ३४ हा आकडा कोणत्याच यादीत बसत नाही. आणि वाचक तो रुमानियाच्याच ग्योर्गे हाजीच्या ३५ गोलांशी ताडून बघतो, मग "एका गोलने विक्रम हुकला" असं चुकीचं वाक्य जन्माला येतं.

खरी तुलना ३० ची आहे. रुमानियाकडून सर्वाधिक गोलांचा हा विक्रम अर्ध्या शतकाहून अधिक टिकला, १९९० च्या दशकात हाजीने तो मागे टाकला. हाजीचे १२४ सामन्यांत ३५. नंतर आद्रियान मुतूने ७७ सामन्यांत ३५ करून बरोबरी साधली. सामन्यामागे गोल काढले तर बोदोला ०.६३, मुतू ०.४५, हाजी ०.२८. मात्र हे तीन आकडे शेजारी मांडून "बोदोला श्रेष्ठ" असा निकाल देऊ नका. हाजी मधल्या फळीतून खेळ रचणारा होता. शिवाय १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला होता: हल्लेखोर आणि गोलरेषा यांच्यामध्ये आधी तीन प्रतिस्पर्धी लागायचे, मग दोन पुरले. बचावाची पद्धत त्या बदलाला पुरती सरावेपर्यंत गोल भरपूर पडत राहिले. बोदोलाची अख्खी कारकीर्द त्या बदलानंतरची.

क्लबच्या गोलांचे आकडे तक्त्यात घ्यायचे असतील तर एक अट पाळा. रुमानियाची राष्ट्रीय लीग, दिविझिया ए, १९३२–३३ मध्ये सुरू झाली. त्याआधी प्रांतवार स्पर्धा व्हायच्या आणि प्रांतांचे विजेते शेवटी बाद पद्धतीने भिडायचे. बोदोला ओराद्याला १९२९ मध्ये आलेला. म्हणजे पहिल्या तीन हंगामांतले त्याचे गोल लीगचे नाहीत. एका यादीत ते धरलेले असतात, दुसरीत नसतात, आणि दोन्ही याद्यांवर शीर्षक "क्लबसाठी गोल" असंच असतं. आकडे जुळत नाहीत असं वाटलं की आधी हे तपासा. लीगचे पहिले दोन हंगामही दोन गटांत विभागलेले होते आणि गटविजेत्यांत अंतिम लढत व्हायची, त्यामुळे गटातलं पहिलं स्थान म्हणजे राष्ट्रीय विजेतेपद नव्हे.

बाल्कन चषकाची एक ओळ जरूर द्या. रुमानिया, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि बल्गेरिया यांच्यातली ही स्पर्धा रुमानियाने १९२९–३१, १९३३ आणि १९३६ अशी तीनदा जिंकली. १९३३ ची स्पर्धा बुखारेस्टला झाली: बल्गेरियावर ७–०, ग्रीसवर १–०, युगोस्लाव्हियावर ५–०. तीन सामने, १३ गोल, अंगावर एकही नाही. विश्वचषकातल्या निकालांवरून हा संघ कच्चा वाटतो. तो कच्चा नव्हता. त्याची ताकद शेजाऱ्यांशी झालेल्या सामन्यांत दिसते, आणि बोदोलाचे गोल समजायला तेच सामने बघावे लागतात.

---

पाचांची फळी

चौथी आणि पाचवी शंका.

त्या काळची मांडणी २–३–५. गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक, मग तीन हाफ, मग पाच फॉरवर्ड. ते पाच उजवीकडून असे: उजवा विंग, उजवा आतला, मधला, डावा आतला, डावा विंग. आतले दोघे मधल्याच्या किंचित मागे राहायचे, हाफकडून चेंडू घ्यायचा आणि विंगकडे किंवा मधल्याकडे पोचवायचा, आणि चेंडू परत गोलसमोर आला की स्वतः धावत पोचायचं. आजच्या भाषेत: अर्धा मधल्या फळीचा, अर्धा स्ट्रायकर. पानावर मैदानाचा चौकोन काढून अकरा टिंबं द्या आणि बोदोलाचं एकच टिंब भरा, शब्द वाचतील.

२७ मे १९३४ ला त्रिएस्तेत चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध पुढची फळी अशी होती: उजवीकडे बिंदेया आणि निकोलाए कोवाच, डावीकडे बोदोला आणि श्तेफान दोबाय. दोबाय हा तिमिश्वाराच्या रिपेन्सियाचा डावा विंग, जाळं फाडणारा फटका अशी त्याची ख्याती, लीगमध्ये चार हंगाम सर्वाधिक गोल त्याचे. बोदोला समजून घ्यायचा तर शेजारी दोबाय धरूनच. राष्ट्रीय संघात डावी बाजू म्हणजे ही जोडी.

तो सामना दोबायच्या गोलने रुमानियाने पुढे नेला, पण उत्तरार्धात पुच आणि नेयेद्लीने गोल करून २–१ असा फिरवला. स्पर्धा सरळ बाद पद्धतीची असल्यामुळे रुमानियाचा १९३४ चा विश्वचषक एवढाच, एक सामना. आणि हरवणारा संघ पुढे अंतिम फेरीत पोचला, हे सांगायला विसरू नका.

१९३८ मध्ये इजिप्तने माघार घेतल्यामुळे रुमानिया पात्रता सामना न खेळताच फ्रान्सला गेला. तूलूझला ५ जूनला क्युबाशी जादा वेळेनंतर ३–३, गोल बिंदेया, बराट्की आणि दोबाय यांचे. ९ जूनला तोच सामना पुन्हा, क्युबा २–१ ने विजयी, रुमानियाचा गोल दोबायचा. बोदोला दोन्ही विश्वचषकांच्या संघांत होता, विश्वचषकात त्याचा गोल नाही. १९४२ आणि १९४६ च्या स्पर्धा युद्धामुळे झाल्याच नाहीत, म्हणजे वयाच्या तिशीपासूनची वर्षं तशीच गेली.

१९३० च्या माँतेव्हिदेओच्या विश्वचषकाच्या संघात त्याचं नाव घालू नका. काही याद्यांत "तिन्ही युद्धपूर्व विश्वचषक" असं त्याच्यापुढे लिहिलेलं असतं. रुमानियाकडून तिन्ही स्पर्धा खेळला तो निकोलाए कोवाच. त्याचा धाकटा भाऊ श्तेफान कोवाच पुढे आयॅक्स या डच क्लबचा प्रशिक्षक झाला आणि १९७२ आणि १९७३ चे युरोपीय चषक त्याने जिंकले. बोदोलाचं रुमानियाकडून पदार्पणच १९३१ चं.

छायाचित्र लावणार असाल तर: १९३४ आणि १९३८ च्या विश्वचषकांत पाठीवर नंबर नव्हते, ते १९५० पासून आले. त्यामुळे "दहा नंबरवाला बोदोला" असं कुठे दिसलं तर ते नंतर चिकटवलेलं आहे. ओळीतल्या जागेवरून ओळखायलाही जाऊ नका, संघाचा फोटो काढताना खेळाडू खेळायच्या जागेप्रमाणे उभे राहतातच असं नाही. चित्राखाली नावं छापलेली असतील तेवढ्यावरच भिस्त ठेवा.

---

दांडियाबाजारकर

नकाशावेडा, तुमचं पटलं. सुरुवातीचं वाक्य जातंय, आणि ऑगस्ट १९४० ला बोदोला बुखारेस्टच्या क्लबचा होता हीच लेखाची पहिली ओळ होईल. ट्रेसिंग पेपरची कल्पना मंडळात सगळ्यांना आवडेल.

अजून दोन गोष्टी. बराट्कीचंही नाव दोन देशांच्या यादीत येतं, त्याला चौकटीत घ्यावं का? आणि क्रिकेटच्या वाचकाला दाराशी आणायला बडोद्यातलंच काही सापडेल का?

---

नोंदवही

बराट्कीला चौकट द्याच, कारण त्याची दिशा उलटी आहे. यूलिउ बराट्की, जन्म १९१० ओराद्या. आधी हंगेरीकडून ९ सामने, मग रुमानियाकडून २० सामने आणि १३ गोल, पुढे रॅपिड बुखारेस्टचा आधारस्तंभ. रॅपिडने १९३७ ते १९४२ असे सलग सहा वेळा रुमानियाचा चषक जिंकला, तो त्या काळचा.

आणि त्याच्या निमित्ताने एक महत्त्वाचा मुद्दा सांगता येतो. "तेव्हा कोणी कुठूनही खेळायचं" हे समज म्हणून सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. ऑक्टोबर १९३३ मध्ये बर्नला स्वित्झर्लंड–रुमानिया हा विश्वचषक पात्रता सामना २–२ सुटला होता. रुमानियाने हंगेरीकडून खेळून आलेल्या बराट्कीला उतरवलं होतं, तो अपात्र ठरला आणि सामना स्वित्झर्लंडला २–० असा बहाल झाला. रुमानिया पुढे एप्रिल १९३४ मध्ये युगोस्लाव्हियाला २–१ ने हरवून तरीही पात्र ठरला. म्हणजे नियम होते, आजच्याइतके कडक नव्हते. आजच्या नियमांत बोदोला बसलाच नसता: विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एका देशाकडून उतरलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशाकडे जाता येत नाही.

तक्त्यात मात्र बर्नच्या सामन्याचा निकाल दोन प्रकारे आढळेल, २–२ आणि २–०. मैदानावरचा २–२, कागदावरचा २–०. दोन्ही लिहा, एकाच रकान्यात, मध्ये तिरपी रेघ.

---

मोतीबागेसमोर

बडोद्याचं हवंय ना, तर गुल मोहम्मद. १९४६–४७ च्या रणजी करंडकाची अंतिम लढत, बडोदे विरुद्ध होळकर, बडोद्यातच. होळकर २०२, बडोदे ७८४, होळकर १७३. डाव आणि ४०९ धावांनी बडोद्याचा विजय. चौथ्या विकेटसाठी विजय हजारे आणि गुल मोहम्मद यांची ५७७ धावांची भागी, हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. कुठल्याही विकेटसाठीचा तो विश्वविक्रम २००६ मध्ये संगकारा–जयवर्धनेच्या ६२४ ने मोडला.

सामना मार्च १९४७ चा, फाळणीला पाच महिने होते. गुल मोहम्मद भारताकडून ८ कसोटी खेळला आणि १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक. बडोद्याचाच दुसरा खेळाडू अमीर इलाही, भारताकडून एक कसोटी, पाकिस्तानकडून पाच. दोघांची नावं इथल्या जुन्या क्रिकेटवाल्यांना सांगावी लागत नाहीत.

पण तुलना अशी मांडा की फरक दिसेल. गुल मोहम्मदच्या बाबतीत एक देश नवा जन्मला. बोदोलाच्या बाबतीत दोन्ही देश आधीपासून होते, त्यांच्यामधली जमीन इकडून तिकडे गेली आणि काही वर्षांनी परत आली. १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहाने ती सीमा पुन्हा जुन्या जागी पक्की झाली, बडोद्यातल्या त्या अंतिम सामन्याच्या महिनाभर आधी. बोदोला त्या वेळी बुडापेस्टमध्ये एमटीकेकडे होता. या योगायोगासाठी दोन ओळी खर्च करायला हरकत नाही, त्याहून जास्त नको, नाहीतर बाराशे शब्दांतले पाचशे क्रिकेटच खाईल.

---

नकाशावेडा

तक्त्याचे रकाने सुचवतो: वर्ष, क्लब, शहर, त्या वर्षी शहर कोणत्या देशात, तो कोणत्या देशाकडून खेळला. शेवटचे दोन रकाने वेगळेच ठेवा. सगळा लेख त्या दोन रकान्यांच्या मधे आहे.

ओळी सहा पुरतात:

१९२९ पर्यंत, ब्राशोविया, ब्राशोव्ह, रुमानिया, राष्ट्रीय संघ नाही.
१९२९–३७, सीएओ, ओराद्या, रुमानिया, १९३१ पासून रुमानिया.
१९३७–४०, वेनुस, बुखारेस्ट, रुमानिया, १९३९ पर्यंत रुमानिया.
१९४०–४५, नाज्वाराद एसी, ओराद्या, हंगेरी, १९४० पासून हंगेरी.
१९४५–४६, फेरार, क्लुज.
१९४६–४९, एमटीके, बुडापेस्ट, हंगेरी, १९४८ पर्यंत हंगेरी.

पाचव्या ओळीत देशाचा रकाना रिकामा ठेवलाय तो मुद्दाम. क्लुज तेव्हा परत रुमानियाच्या कारभाराखाली आलं होतं, पण तह १९४७ चा. तिथे "रुमानिया" लिहून तळटीप द्या, झेंड्याचं चित्र नको. आणि शोध घेताना ओराद्या आणि क्लुजच्या जोडीने नाज्वाराद आणि कोलोज्वार, यूलिउच्या जोडीने द्यूला ही नावंही वापरा. १९४० ते ४४ मधली वृत्तपत्रं हंगेरियन नावांनीच भरलेली आहेत. रुमानियन नावाने शोधलं तर ती चार वर्षं कोरी निघतात आणि तो युद्धात खेळलाच नाही असं वाटतं.